ढाळजेत काय, माजघरात काय: सोशल मीडियावर नीट वावरण्यासाठी एक मार्गदर्शक

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेअकराला मी व्हॉट्सॲपवर एक स्टेटस टाकलं. लातुरातल्या एका दुकानदाराने माझ्या कामाचे पैसे चार महिने अडकवलेत, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. नाव लिहिलं नव्हतं. 'पाटी मोठी, मन लहान' एवढंच, आणि खाली गंजगोलाईच्या बाजारपेठेचा फोटो. दुकान कुणाचं हे ओळखायला लातूरकराला तेवढं पुरे असतं. सकाळी सातला आईचा फोन आला. तिच्या माहेरच्या गावात त्या स्टेटसचा स्क्रीनशॉट पोचला होता, कारण दुकानदाराची मेहुणी त्याच गावात दिलेली. दुपारी बँकेत गेले तर कळलं, पैसे महिनाभरापूर्वीच माझ्या दुसऱ्या खात्यात जमा झाले होते. मीच बघितलं नव्हतं. मी दुकानात जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, पण काम पुन्हा दिलं नाही. त्यांच्या ओळखीतली आणखी दोन कामंही गेली.

मी छोटे दुकानदार, क्लासवाले, डॉक्टर, शेतमाल विकणारी मंडळी यांना सोशल मीडियाच्या कामात मदत करते. त्या दिवसापासून मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. पुण्या-मुंबईकडचा सल्ला ठरलेला असतो: खाजगी खातं वेगळं, कामाचं वेगळं. आपल्याकडे तो तसाच्या तसा चालत नाही. दुकानाच्या पाटीवर जो नंबर, तोच लग्नपत्रिकेवर. गिऱ्हाईक भावकीतलं, साहेब सोयऱ्यातले, लेकराचे सर शेजारच्या गल्लीतले. माणसं वेगळी करता येत नाहीत. पण कोणाला कुठपर्यंत आत घ्यायचं हे ठरवता येतं, आणि आपल्या जुन्या वाड्यांना ते चांगलं ठाऊक होतं. आल्यागेल्याला दारालगतच्या ढाळजेत बसवायचं, घरच्यांना आतल्या माजघरात, आणि माळवदावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, उभं राहून बोललेलं सगळ्या गावाला ऐकू जातं हे धरूनच बोलायचं. पुढची सगळी कामं मी याच हिशेबाने सांगते.

पहिलं काम: स्वतःला परक्याच्या नजरेने बघा

एक निवांत तास काढा. ब्राउझरची इनकॉग्निटो (लॉगिन नसलेली) खिडकी उघडून स्वतःचं नाव शोधा. मराठीत, इंग्रजीत, गावाच्या नावासकट, आणि मोबाइल नंबर टाकूनही. फोटोंचा विभागही बघा. मग ज्याच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही अशा ओळखीच्या माणसाला विचारा, 'माझा डीपी दिसतो का? फेसबुकवर काय काय दिसतं?' बहुतेकांना इथे पहिला धक्का बसतो. कॉलेजात असताना उघडलेलं, पासवर्ड हरवलेलं जुनं खातं अजून तसंच असतं, आणि त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरखाली आपण लिहिलेलं असतं ते आज आपल्यालाच वाचायला नको वाटतं.

सापडलेली सगळी खाती वहीत लिहा. जी लागत नाहीत ती बंद करा. फेसबुकवर जुन्या पोस्ट एकेक करून पुसत बसायची गरज नाही. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जुन्या पोस्ट फक्त मित्रांपुरत्या करण्याची सोय आहे, एका टिचकीत दहा वर्षांच्या पोस्ट माळवदावरून खाली येतात. इन्स्टाग्रामवर अर्काइव्ह आहे, तिथे फोटो जातो पण नाहीसा होत नाही. पुसायचं फक्त तेच, जे दुसऱ्याला दुखावणारं आहे. तेही आधी त्या माणसाशी बोलून झालं तर उत्तम.

दुसरं काम: कागदावर तीन रकाने

माळवद, ढाळज, माजघर. पहिल्यात जगाने बघावं असं: तुमचं काम, शिक्षण, दुकानाची वेळ, मालाचे फोटो. दुसऱ्यात ओळखीच्यांसाठी: गावातले कार्यक्रम, सत्कार, सणाच्या शुभेच्छा. तिसऱ्यात घरचं: लेकरांचे फोटो, आजारपण, प्रवास, पैशाच्या गोष्टी, राग. मग प्रत्येक रकान्याला एक जागा नेमा. मी बऱ्याच जणांना असं सुचवते: माळवदाला फेसबुक पेज किंवा इन्स्टाग्रामचं प्रोफेशनल खातं, ढाळजेला व्हॉट्सॲपचं स्टेटस, आणि माजघराला दहा-पंधरा जणांचा घरचा ग्रुप. राग कुठल्याच ॲपवर नको, त्याला वही बरी.

हा कागद करायला वीस मिनिटं लागतात. तो नसेल तर पुढची सेटिंगं करून काही उपयोग होत नाही, कारण काय झाकायचं हेच ठरलेलं नसतं.

तिसरं काम: व्हॉट्सॲप

इथे जरा जास्त वेळ द्या. आपल्या भागात खरा सोशल मीडिया व्हॉट्सॲपच आहे. भावपूर्ण श्रद्धांजलीपासून सोयाबीनच्या भावापर्यंत सगळं स्टेटसवरच कळतं.

धंदा असेल तर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. ते फुकट आहे, दुसऱ्या नंबरवर चालतं आणि त्याच फोनमध्ये साध्या व्हॉट्सॲपशेजारी राहतं. त्यात दुकानाचा पत्ता, उघडण्या-मिटण्याची वेळ, मालाची यादी भरता येते. 'दुकान रात्री ९ वाजता बंद होतं, सकाळी १० नंतर उत्तर देऊ' असा निरोप आपोआप जातो. हा एक निरोप लावल्यावर रात्री साडेदहाला 'भाव काय?' विचारणाऱ्याचा रुसवा कमी होतो आणि तुमचं जेवण शांतपणे होतं. नंबर बदलायचा नसेल तर जुना, पाटीवरचा नंबर बिझनेसला द्या आणि नवीन सिम घरच्यांसाठी घ्या. उलटं केलं तर गिऱ्हाईक जुन्याच नंबरवर येत राहतं.

आता प्रायव्हसी. 'ग्रुप्स' मध्ये जाऊन 'आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' हे 'माय कॉन्टॅक्ट्स' वर आणा. निवडणुकीच्या हंगामात याची किंमत कळते. 'स्टेटस' मध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' निवडून नको ती नावं बाजूला काढता येतात, किंवा 'ओन्ली शेअर विथ' मध्ये मोजकीच नावं ठेवता येतात. एक गोष्ट लक्षात असू द्या: हा बदल पुढच्या स्टेटसना लागू होतो, आधी टाकलेल्याला नाही. म्हणून यादी आधी, स्टेटस नंतर. 'लास्ट सीन' बंद करताना पुष्कळांना संकोच वाटतो, 'लोक काय म्हणतील' म्हणून. मला विचाराल तर बंद करा. ऑनलाइन येऊन गेल्याचं दिसलं आणि लगेच उत्तर दिलं नाही, यावरून मी नाती तुटताना पाहिली आहेत.

आणि येळवस. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शहरच्या शहर शेतात जातं. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, उंडे, आणि दुपारी बारापासून स्टेटसवर फोटोंची रांग. त्याच वेळी गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलूप. फोटो जरूर टाका, पण घरी आल्यावर. तुळजापूरला, पंढरीला, लग्नाला बाहेरगावी गेल्यावरही हाच नियम. एका दिवसाने शिळा झालेला फोटो कुणाला शिळा वाटत नाही.

चौथं काम: बाकीची ॲप

फेसबुकवर खाजगी प्रोफाइल लॉक करा, ही सोय भारतात २०२० पासून आहे. पण दुकानाचं प्रोफाइल लॉक करू नका, त्यासाठी पेज काढा. सगळ्यात आधी टॅग रिव्ह्यू सुरू करा. आपल्याकडे दादांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर चाळीस-पन्नास जणांना टॅग करायची रीत आहे, आणि ते बॅनर तुमच्या नावाखाली झळकतं. टॅग रिव्ह्यू असेल तर तुम्ही हो म्हटल्याशिवाय ते तुमच्या प्रोफाइलवर येत नाही. कुणाला नकार कळवायची गरज नाही, राजकारणही होत नाही.

इन्स्टाग्रामवर प्रोफेशनल खातं प्राइव्हेट ठेवता येत नाही, त्यामुळे लेकरांचे फोटो त्यावर नकोतच.

वाळूज, शेंद्रा, जालन्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या किंवा तिकडे नोकरी शोधणाऱ्या मुलांनी लिंक्डइनकडे लक्ष द्यावं. नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं मावतात. तिथे 'मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड' असं भरण्यापेक्षा 'सीएनसी लेथवर तीन वर्षं, ड्रॉइंग वाचता येतं, गुणवत्ता तपासणीचा अनुभव' असं लिहा. नेमणारा माणूस काम शोधतो, गुण तो मुलाखतीत पारखतो.

पाचवं काम: कामाविषयी काय लिहायचं

'आमच्याकडे उत्तम प्रतीची हळद मिळेल' ही पोस्ट कुणी वाचत नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, ते तिथला प्रत्येक विकणारा सांगतो. पण हळद काढल्यावर ती शिजवतात कशी, किती दिवस वाळवतात, पॉलिश झाल्यावर रंग का उजळतो, घरी आणल्यावर भेसळ कशी ओळखायची, हे एकेक करून दाखवलं तर लोक थांबून बघतात आणि प्रश्न विचारतात. प्रश्नांची उत्तरं हीच तुमची पुढची पोस्ट. आठवड्यातून दोनदा पुरे. रोज टाकायचं म्हणून टाकलेलं लगेच ओळखू येतं.

दर लिहा. 'किमतीसाठी मेसेज करा' या ओळीने निम्मं गिऱ्हाईक तिथूनच परततं.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन कुणाच्या मालाची तारीफ करत असाल तर पोस्टमध्येच 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी सूचना काढल्या आहेत, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हजार-दोन हजार फॉलोअर असले तरी हे पाळावं. आपल्या गावातलं माणूस आपल्या शब्दावर औषध विकत घेतं.

लातुरातल्या क्लासवाल्यांना मी एक गोष्ट परतपरत सांगते. निकाल लागला की गावभर होर्डिंग आणि फोनभर टॉपरचे फोटो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार विद्यार्थ्याचं नाव, फोटो, यशकथा वापरायला त्याची लेखी संमती लागते, आणि ती निवड झाल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या अर्जात आधीच सही करून घेतलेली चालत नाही. ज्या लेकराला कमी गुण मिळाले त्याच्या शेजारच्या खोलीतल्या मित्राचा फोटो त्याच्या फोनवर शंभर वेळा येतो, याचाही विचार फोटो टाकणाऱ्याने करावा असं मला मनापासून वाटतं.

सहावं काम: राग, जात, राजकारण

हे सगळ्यात अवघड, आणि मराठवाड्यात सध्या सगळ्यात गरजेचं. आंदोलनांच्या काळात एकाच वर्गातली, एकाच बांधावरची माणसं एकमेकांच्या स्टेटसला उत्तर म्हणून स्टेटस टाकताना मी पाहिली. शेतात पाणी एकाच विहिरीचं, आणि बोलणं बंद. मत असू नये असं मी म्हणत नाही. मत मांडा, पण मुद्द्यावर, सगळ्या समाजावर नाही. 'या निर्णयाने अमुक नुकसान होईल' हे मत झालं. 'ही लोकं अशीच' हे मत नव्हे, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, समाजासमाजांत तेढ पसरवण्याबद्दलचं, नेमकं तिथे लागू होऊ शकतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केलं, म्हणून काहीही लिहिलं तरी चालतं अशी समजूत पुष्कळांची आहे. ती चुकीची आहे. बदनामीचं कलम ३५६ सुद्धा जागेवर आहे.

मी स्वतः एक रीत पाळते. राग आला की फोनमधल्या नोट्समध्ये लिहिते, तारीख घालून. सकाळी वाचते. त्यातलं जे अजून खरं वाटतं ते त्या माणसाला फोन करून सांगते. सहा वर्षांत त्यातली एकही नोट स्टेटसवर गेलेली नाही.

फॉरवर्डबद्दल दोनच गोष्टी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी गरीब माणसं होती ती. अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. दुसरी गोष्ट, 'आलं तसं पुढे पाठवत आहे, खरं खोटं माहीत नाही' असं लिहून जबाबदारी संपत नाही. खरं खोटं माहीत नसेल तर पुढे पाठवू नका. फोटो असेल तर गुगल लेन्सवर टाकून तो जुना आहे का बघा, आणि गावचा विषय असेल तर पोलीस पाटलांना फोन करा.

ग्रुप ॲडमिन असाल तर: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला, त्याचा सामाईक हेतू नसेल तर, जबाबदार धरता येत नाही. तरीही ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. ताण वाढला की दोन दिवस 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' असं करा आणि भांडणाऱ्यांना बाजूला घेऊन बोला.

जिल्हा परिषदेचे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस यांनी एक शासन निर्णय जरूर वाचावा, जुलै २०२५ मधला. खाजगी आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवायचं, शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही, खाजगी खात्यावरच्या रीलमध्ये गणवेश, पदनाम, सरकारी गाडी दाखवायची नाही, असं त्यात आहे. वर्गातल्या मुलांचा नाच रीलवर टाकणाऱ्या गुरुजींना आणि मॅडमना माझं आणखी एक सांगणं: पालकांना विचारल्याशिवाय लेकरांचे चेहरे माळवदावर नेऊ नका. वर्गाची भिंत, फळा, वह्या दाखवूनही चांगलं काम दिसतं.

सातवं काम: कुलूप

व्हॉट्सॲपच्या 'अकाउंट' मध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे. सहा आकडी पिन लावा आणि सोबत ईमेल द्या. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर काढून टाका. झेरॉक्सच्या दुकानात लॉगिन करून तसंच निघून येणारे खूप आहेत.

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' नावाची फाइल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते, एपीके म्हणजे ॲप. उघडून बसवलं की फोनमधले मेसेज आणि ओटीपी चोराच्या हाती जातात. ती फाइल ओळखीच्या नंबरवरूनही येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. आपल्याकडे पत्रिकेला नाही म्हणायची सवय नाही, म्हणूनच हा सापळा इथे चालतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये 'अननोन ॲप्स' बसवण्याची परवानगी आजच बंद करून ठेवा.

पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त असते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही होते. तुमच्या नावाचं खोटं खातं निघालं तर आधी त्याची लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, मग ॲपमध्ये रिपोर्ट करा, आणि मग सगळ्यांना एकच साधा मेसेज: 'हे खातं माझं नाही, पैसे मागितले तर देऊ नका.' खोट्या खात्याशी भांडत बसू नका.

खाजगी फोटो पसरवण्याची धमकी आली तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. स्टॉप एनसीआयआय डॉट ऑर्ग ही सोय प्रौढांसाठी आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा डिजिटल ठसा तेवढा कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या फोटो अडवतात. मुलींनो, घरी सांगायची भीती वाटते हे मला माहीत आहे. एका मोठ्या माणसाला तरी सांगा, मावशीला, मॅडमना, कुणालाही. तुम्ही गुन्हा केलेला नाही.

आठवं काम: शरीर आणि झोप

सूचनांचे आवाज फोन आणि घरचे मेसेज एवढ्यांपुरते ठेवा, बाकी सगळे बंद. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लावा आणि गजरासाठी शंभर-दीडशे रुपयांचं घड्याळ आणा. शिकायला लातुरात येऊन राहिलेल्या मुलांनी रात्री दुसऱ्यांच्या मार्कांच्या पोस्ट बघत बसू नये. ती खाती म्यूट करता येतात, समोरच्याला कळत नाही. मन फार खचत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

दरवर्षीचं काम

खंडेनवमीला आपण विळा, नांगर, शिवणयंत्र, गाडी पुसून पूजतो. मी त्याच दिवशी सकाळी फोन घेऊन बसते. नाव शोधून बघते, लिंक्ड डिव्हाइसेस बघते, स्टेटसची यादी नवी करते, दुकानांच्या वेळा आणि पत्ते तपासते, सोडलेल्या ग्राहकांच्या पेजवरचा माझा ॲडमिन हक्क काढून टाकते. फेसबुकच्या सेटिंगमध्ये आपल्या पश्चात खातं कुणी सांभाळायचं याचं नाव देता येतं, तिथे भावाचं नाव आहे. पिन आणि रिकव्हरी कोड एका छोट्या वहीत लिहून ती वही आईच्या लोखंडी पेटीत, जमिनीच्या कागदांशेजारी ठेवली आहे. पेटीची किल्ली कुठे असते ते भावाला सांगून ठेवलंय.